सभा म्हणा, जमाव नव्हे!

शब्दकोश उघडला तर सभा, बैठक, मेळावा, परिषद, समिती, मंडळ हे सारे शब्द एकमेकांचे सख्खे शेजारी दिसतात. एकाच्या जागी दुसरा घातला तर बिघडले काय, असे भोळ्या माणसास वाटावे. बिघडते, आणि ते व्याकरणात नव्हे, नागरिकांच्या हक्कात बिघडते. सत्तेला नकोशा झालेल्या सभेवर लाठी पडते, त्यापूर्वी तिचे नाव बदललेले असते. सभेचा आधी ‘जमाव’ होतो, मग ‘बेकायदा जमाव’ होतो. पुढे लाठीला निमित्त शोधावे लागत नाही.

सभा आणि समिती ही जोडी आजची नव्हे. अथर्ववेदाने त्यांना प्रजापतीच्या कन्या म्हटले आहे. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा किमान पन्नास जणांचे मुखत्यारपत्र आणल्याखेरीज कोणास तिचे सभासद होता येत नसे. आपण कोणाच्या वतीने बोलतो याचा जबाब जी देते, ती सभा. पुढे १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला आणि त्याच वर्षी मुंबईत संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. संमेलन साहित्यिकांचे, परिषद विचारविनिमयाची. फेब्रुवारी १९५६ मध्ये पक्षभेद बाजूला सारून पुण्यात जी स्थापन झाली, ती मात्र समिती. तिने लढा दिला, १९५७ च्या निवडणुका लढविल्या. नाव बदलले ते हौसेखातर नव्हे. काम बदलले म्हणून बदलले.

कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचा आणि संघटना बांधण्याचा, असे दोन निरनिराळे हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहेत. बेकायदा जमावाला निदान पाच माणसे लागतात, हे १८६० च्या दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. परंतु पाच डोकी मोजली की गुन्हा झाला, असे दोहोंपैकी कोठेही म्हटलेले नाही. त्या पाचांचा समान उद्देशही बेकायदा असावा लागतो. तो दाखविण्याचे कष्ट नकोत, म्हणूनच की काय, हुकूम निघतो जमावबंदीचा. शब्द कसा चतुराईने योजिला आहे पाहा! ‘सभाबंदी’ म्हटले असते तर लोकशाहीला लाज वाटली असती.

२००६ पासून कर्नाटक सरकार बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन भरवू लागले आणि त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा घेऊ लागली. १९ डिसेंबर २०२२ रोजी अधिवेशन थाटात भरले. महामेळाव्याला परवानगी नाकारली गेली, जमावबंदी लागली, कार्यकर्ते ताब्यात घेतले गेले. एकच गाव, एकच दिवस; एकीकडे माणसे जमली ते ‘अधिवेशन’ आणि दुसरीकडे जमू पाहतात तो ‘जमाव’! हा न्याय कोणता?

तथापि सरकारला जाब विचारणाऱ्याने आपलेही घर झाडावे. सभा म्हणावयाची तर अध्यक्ष हवा, विषय हवा, ठराव हवा, इतिवृत्त हवे. चार गल्ल्यांतील चार पुढारी चार ‘समित्या’ काढतील, सभासदांची यादी नाही, जमाखर्च नाही, तर त्या समित्या नव्हेत, कंपू होत. जो आपल्या कंपूला समिती म्हणतो, त्याने सभेला जमाव म्हणणाऱ्या सरकारवर कोणत्या तोंडाने रागवावे?

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, अर्जावर ‘सभा’ लिहा, पत्रकावर ‘सभा’ छापा आणि ती सभेसारखीच भरवा. परवानगी नाकारली तर कारण लेखी मागा आणि ते जपून ठेवा. जमाव पांगला की मागे काही उरत नाही. सभा उधळली तरी तिचा ठराव उरतो, आणि त्या ठरावाला जमावबंदी लागू होत नाही!