विश्लेषण : वर्ध्यातील महाविद्यालयांत प्रशिक्षकाची कारकीर्द का घडत नाही?

अमेरिकी महाविद्यालयांच्या फुटबॉलमध्ये लांबून फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंसाठीही स्वतंत्र पगारी प्रशिक्षक असतो. पुढे तो मुख्य प्रशिक्षकही होऊ शकतो. आपल्याकडे काय स्थिती आहे?

एकावरच सारे खेळ?
वर्धा जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. महाविद्यालयात मान्य पद असते ते शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचे. कबड्डीपासून ॲथलेटिक्सपर्यंत सारा भार त्याच्यावरच. एकाच खेळात मुरलेल्या प्रशिक्षकासाठी या व्यवस्थेत जागाच नाही.

मग बारसे कसे घडले?
नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात तुटक्या बादलीचा चेंडू करून खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. या संस्थेला २०१६ चा फिफा विविधता पुरस्कार मिळाला. बारसे यांच्या कार्यावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. मात्र हे काम नोकरीच्या चौकटीबाहेर, स्वतःच्या जिद्दीवर झाले.

उपाय काय?
प्रत्येक गावाला बारसे लाभतीलच असे नाही. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतंत्र प्रशिक्षक परवडणारही नाही. पण हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव परिसरातील महाविद्यालयांनी मिळून एका खेळाचा पूर्णवेळ प्रशिक्षक नेमावा आणि विद्यापीठाने त्याच्या मानधनाचा वाटा उचलावा, हे अशक्य नाही. खेळाडूंच्या पदकांचा सत्कार करताना ते घडवणाऱ्याच्या पोटापाण्याचा विचार व्हायलाच हवा.