नव्या संगीताला हवे 'छबिलदास'

जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले आणि 'कॉन्सर्ट अर्थव्यवस्थे'ची चर्चा रंगली. मात्र, सिंथेसायझर आणि लॅपटॉप घेऊन नवे ध्वनी शोधणाऱ्या 'इंडी' कलावंतांनी वाजवायचे कोठे, हा प्रश्न अनुत्तरितच आहे.

लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७मध्ये सुरू झालेल्या 'ब्लू फ्रॉग'ने अशा प्रयोगांना दर्जेदार ध्वनियंत्रणा आणि जाणकार श्रोता दिला. २०१६मध्ये तेही बंद झाले. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला सहसा मनाई असते आणि ती योग्यच आहे. परिणामी, हे संगीत बहुधा मद्यालयातच ऐकावे लागते. तेथील भाडे खाद्य-पेयांच्या विक्रीतून निघते. साहजिकच, दोनशे श्रोत्यांच्या प्रयोगापेक्षा हमखास गर्दी खेचणाऱ्या गाण्यांना पसंती मिळते.

सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने प्रायोगिक मराठी रंगभूमीला हक्काचे छप्पर दिले. पालिकेने आपल्या सभागृहांतील महिन्याची एखादी संध्याकाळ माफक भाड्यात या संगीतासाठी राखली, तर नव्या सुरांचे भवितव्य मद्यविक्रीच्या हिशेबावर ठरणार नाही.