डाग कोणाच्या मजुरीतून कापायचा?

दिवाळीच्या अंकात इस्पितळातल्या मृत्यूंच्या गोष्टी कसल्या काढता, असे फराळाचे ताट पुढे ओढून बसलेले वाचक विचारतील. त्यांचा राग मला मान्य आहे. पण इस्पितळाला दिवाळीची सुटी नसते, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही कोणीतरी बाळंतीण होतेच.

प्रथम भिवंडीच्या यंत्रमागांकडे चला. मागावरून तागा उतरला की तो तपासला जातो. डाग दिसला, धागा सुटलेला दिसला, की पैसे विणकराच्या मजुरीतून कापायचे. सूत कच्चे असेल, सायझिंग बिघडले असेल, माग आजोबांच्या वयाचा असेल, मध्येच वीज गेली असेल. कापायला सोपी असते ती मागापाशी उभ्या असलेल्या माणसाची मजुरी. या कापाकापीने एका मागावरचे कापड सुधारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विणकर त्यातून एवढेच शिकतो, की डाग घडीच्या आत जाईल असे पाहावे.

आपली इस्पितळेही आपण नेमकी याच रीतीने चालवतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रोगी दगावले. समिती नेमली गेली. ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यांत १२ अर्भके. तेथे एक खासदार महाशय अवतरले आणि त्यांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले! छायाचित्रे निघाली, जनतेचे समाधान झाले. आता ती अर्भके कोठून, कोणत्या अवस्थेत आली होती? रात्रपाळीच्या परिचारिकेकडे एका वेळी किती पाळणे होते? कोणते औषध संपले होते, आणि ते संपत आल्याचे पहिल्याने कोणाच्या ध्यानात आले होते? झाडूला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. ती देता येतात फक्त त्या रात्री तेथे असलेल्या माणसांना. आणि ज्याला झाडू किंवा निलंबन दिसते आहे, तो तोंड कशाला उघडील?

बरे, रीत ठाऊक नाही असेही नाही. २०१० साली केंद्र सरकारने मातामृत्यूंच्या परीक्षणाचे नियम घालून दिले. बाळंतपणात स्त्री दगावली, की तिच्यावर उपचार करणाऱ्यांनी एकत्र बसायचे. घरातून निघायला उशीर का झाला, वाहन मिळायला का झाला, इस्पितळात पोहोचल्यावर रक्त मिळायला का झाला, हे घटकाघटकाने पाहायचे. वस्तीत मृत्यू झाला तर आशा सेविकेपासून आरंभ करायचा. जिल्हाधिकाऱ्यांनी मृत स्त्रीच्या आप्तांनाही बोलावून ऐकायचे. नाव नाही, ठपका नाही, हे त्याचे मूळ सूत्र. इंग्लंडने ही रीत १९५२ साली देशभर लागू केली, तीही नावे झाकून. केरळात २००४ पासून स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने असेच गुप्त परीक्षण हाती घेतले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा मोठा वैरी असल्याचे त्यातून दिसले, आणि तो कसा आवरावा याचे शिक्षण त्यांनी आपल्याच माणसांना दिले. कोणाची मजुरी कापली नाही.

आपल्याकडे अडते कोठे? पुष्कळसे आपल्यापाशी, कारण आपल्याला कारण नको असते, गुन्हेगार हवा असतो. पण म्हणून डॉक्टरमंडळींनी खूश होऊ नये. त्यांच्या बैठका मी ऐकून आहे. मोठे डॉक्टर बोलतात, धाकटे माना डोलावतात, परिचारिका लिहून घेतात, कागद फायलीत जातो. आया दाराबाहेर, रुग्णवाहिकेचा चालक आवारात विडी ओढतो आहे. वास्तविक रात्री दोन वाजता बाळंतिणीचे अंग गार पडले आहे, हे पहिल्याने हाताला लागते ते आयेच्या. तिला कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी साहेबांसमोर ती सांगणार नाही. ही भीती काही खासदारांनी निर्माण केलेली नाही.

भिवंडीत तर धागा आणखीच तुटतो. यंत्रमाग कामगाराची बायको, माहेर दूर उत्तर प्रदेशात वा तेलंगणात, इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात येते. प्रकरण बिकट झाले की तिला ठाण्या-कळव्याला धाडायचे, तेथे जागा नसली तर मुंबईला. वाटेत खाडी आणि गोदामांच्या मालमोटारींची रांग. एक रुग्णालय राज्य सरकारचे, दुसरे ठाणे महापालिकेचे, तिसरे आणखी कोणाचे. ती बाई जगली की गेली, हे तिला गाडीत चढवून देणाऱ्या परिचारिकेला कोण कळवतो? नोंद होते ती जेथे प्राण गेला तेथे. चूक, झालीच असेल तर, दहा मैल अलीकडे राहिलेली असते, आणि पुढल्या आठवड्यात तशीच दुसरी बाई त्याच परिचारिकेसमोर येऊन झोपते.

मग दोषीला मोकळे सोडायचे काय, असे विचारतीलच. मुळीच नाही. जो कामावर झिंगून येतो, जो बाळ दाखवायला पैसे मागतो, त्याच्यासाठी पोलीस आहेत, न्यायालय आहे. तेथे त्याला खुशाल ओढा. पण न्यायालयाची खोली वेगळी आणि शिकण्याची खोली वेगळी. दोन्ही एकाच छपराखाली मांडल्या, की एकीत न्याय होत नाही आणि दुसरीत शिकणे.

माझे मागणे लहान आहे. ठाण्या-कळव्याच्या रुग्णालयांनी महिन्यातून एक दुपार भिवंडीची परिचारिका, आया, आशा सेविका आणि रुग्णवाहिकेचा चालक यांना बोलवावे. बोलण्याची पहिली पाळी आयेला द्यावी, सर्वांत मोठ्या डॉक्टरला शेवटची. गेलेल्यांपैकी एकीची हकीकत घ्यावी, आणि तिच्या जोडीला मरता मरता वाचली अशा एकीची, कारण कसे वाचवले हेही कोणी विचारत नाही. चहा द्यावा. आमदार, खासदार, नगरसेवक यांना त्या दुपारी फाटकाशीच थांबवावे. छायाचित्रकारांनाही.