भरलेला अर्ज पुसू नका

या आठवड्यात पिंप्राळ्यातल्या एका सेवा केंद्रात केळीच्या विम्याचा अर्ज भरला जाताना पाहिला. गट नंबर, लागवडीची तारीख, आयएफएससी कोड, सगळं टाइप झालं. शेतकरीदादांनी पिशवीतून पासबुकाची झेरॉक्स काढेपर्यंत 'सेशन संपले' आलं अन् पान कोरं! रांगेत मागे उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, "आता परत पहिल्यापासून का रे भाऊ?" हो आजी, पहिल्यापासून. वेळेची मर्यादा हवीच. चार लोक वापरतात त्या संगणकावर कुणाचं खातं उघडं राहणं धोक्याचं. पण त्यासाठी लॉगिन बंद करा, भरलेली माहिती का पुसता? ती सर्व्हरवर मसुदा म्हणून राहू द्या, पुन्हा लॉगिन झालं की समोर आणा. वेब सुलभतेच्या जागतिक निकषांत २००८ पासून लिहिलेलं आहे, की मुदत संपण्याआधी इशारा द्या आणि ती एका साध्या कृतीने वाढवायला किमान २० सेकंद द्या. काही पोर्टलं 'पान सोडायचं का?' एवढ्या प्रश्नावर भागवतात. ती सूचना ब्राउझर स्वतःच्या ठरीव शब्दांत दाखवतो, आणि मोबाइलवर ॲप सरकवून बंद केलं तर बहुधा येतच नाही. तिच्यावर विसंबणं चूकच. पोर्टल बनवणाऱ्यांनो, विम्याच्या शेवटच्या तारखेआधी एक दिवस अशा केंद्रात येऊन बसा, आणि मसुदा आपोआप जतन होण्याची सोय याच हंगामात करा.