आधी श्वास, मग सांधा, मग दात : उपचारांचा क्रम चुकवू नका

"सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो." "बसवलेली कॅप सारखी निघते." "मागच्या दोन दाढा काढल्यात, तिथे आता काय बसवायचे?" अशा तक्रारी घेऊन लोक दंतवैद्याकडे येतात. "मी रात्री फार घोरतो" हे सांगायला मात्र फारसे कोणी येत नाही. घोरण्याचा आणि दातांचा काय संबंध, असेच बहुतेकांना वाटते.

संबंध आहे, आणि जवळचा आहे. म्हणूनच माझे मत असे की तोंडात कोणतेही महागडे काम करून घेण्याआधी रात्री तुमचा श्वास कसा चालतो हे तपासले गेले पाहिजे. दंतवैद्याने ते विचारले नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाची घरात थट्टा होते किंवा "दमलाय बिचारा, गाढ झोपलाय" असे म्हणतात. प्रत्यक्षात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतात, तेच घोरणे. काहींची वाट पूर्ण बंद होते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातील ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि माणूस धाप लागल्यासारखा श्वास घेतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

प्रत्येक घोरणाऱ्याला हा आजार असतो असे नाही. पण मोठ्याने घोरणे, मध्येच शांतता, मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज, सकाळी डोके जड, दिवसा डुलक्या, आटोक्यात न येणारे ब्लड प्रेशर अशी लक्षणे असतील तर दुर्लक्ष करू नका. उपचार न केलेल्या अ‍ॅप्नियामुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. गाडी चालवताना डुलकी लागली तर धोका दुसऱ्यांच्याही जिवाला असतो. हा फक्त जाड पुरुषांचा आजार आहे असेही समजू नका. खालचा जबडा लहान किंवा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते आणि त्यांच्यात अनेकदा घोरण्यापेक्षा थकवा व निद्रानाश हीच तक्रार असते.

दंतवैद्य काय करू शकतो आणि काय नाही

झिजलेले दात, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे, अरुंद टाळू, मागे असलेला जबडा या गोष्टी दंतवैद्याला दिसतात. त्यावरून शंका घेता येते, निदान करता येत नाही. निदान स्लीप स्टडीनेच होते. दातांचा एक्स-रे किंवा थ्रीडी स्कॅन तुम्ही जागे असताना काढतात. झोपेत श्वास किती वेळा अडतो हे त्यातून कळत नाही. स्लीप स्टडीत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो ते मोजतात. मोठ्या माणसांत 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र.

मध्यम आणि तीव्र आजारात सीपॅप हाच पहिला पर्याय. 1981 साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी मांडलेली ही पद्धत नाकावरील मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. ज्यांना मास्क सहनच होत नाही, किंवा ज्यांचा आजार सौम्य आहे, त्यांच्यासाठी दंतवैद्य एक उपकरण बनवू शकतो. ते वरच्या आणि खालच्या दातांवर बसते आणि झोपेत खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवते. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि वाट मोकळी राहते.

ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात टाकून चावून बसवायची पट्टी मात्र घेऊ नका. तिने घोरण्याचा आवाज कमी होईल, घरचे खूश होतील, पण श्वास अडणे तसेच चालू राहू शकते. दंतवैद्याकडून बनवून घेतलेले उपकरण लावल्यावरही ते लावून पुन्हा स्लीप स्टडी केलीच पाहिजे.

आखडलेला जबडा

कानापुढचा सांधा नुसता वाजत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर बहुतेक वेळा उपचाराची गरज नसते. दुखत असेल तर मऊ आहार, शेक, व्यायाम आणि दातावर दात दाबून न ठेवण्याची सवय यानेच अनेकांना बरे वाटते. यासाठी चांगले दात घासून 'चावा जुळवून' घेण्याची घाई करू नका.

झोपेत दात खाणाऱ्यांना नाइट गार्ड दिला जातो. दात खाणे आणि अ‍ॅप्निया अनेकदा एकाच माणसात आढळतात. नाइट गार्डने दात वाचतात, श्वास मोकळा होत नाही. काही रुग्णांत वरच्या दातांवरील गार्डमुळे श्वास अडणे वाढूही शकते. म्हणून गार्डच्या आधी झोपेची चौकशी हवी. आणि जबडा पुढे धरणारे उपकरण दुखऱ्या सांध्यावर ताण देते, म्हणून त्याच्या आधी सांध्याची तपासणी हवी.

"मागची दाढ आहे, कोणाला दिसते?"

काढलेल्या दाढेची जागा रिकामी ठेवली की शेजारचे दात त्या बाजूला कलतात, समोरची दाढ लांबते आणि तिथले हाड हळूहळू झिजते. शिवाय घोरण्यावरचे उपकरण धरून ठेवायला दोन्ही जबड्यांत पुरेसे, घट्ट दात लागतात. पायोरियाने हलणाऱ्या दातांवर ते टिकत नाही आणि पूर्ण कवळी असलेल्यांना नेहमीचे उपकरण बसत नाही. आज वाचवता येणारा दात काढून टाकणे म्हणजे उद्याचा एक उपचार गमावणे.

कवळी, ब्रिज की इम्प्लांट हे हाड, मधुमेह, तंबाखूची सवय आणि खिसा पाहून ठरवा. पण दात खाण्याची सवय असेल तर ते आधी सांगा, कारण त्या जोराने इम्प्लांटवरची कॅप तुटू शकते. उपकरण बनवल्यानंतर नवीन कॅप बसवली तर उपकरण बसेनासे होते, म्हणून दातांची कामे आधी उरका. मात्र आजार तीव्र असेल तर दातांसाठी महिनोन्‌महिने थांबू नका, सीपॅप लगेच सुरू करा.

पुढच्या भेटीत एवढे करा

शक्य असल्यास शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. तुमच्या झोपेचा खरा साक्षीदार तोच. ब्लड प्रेशरच्या आणि झोपेच्या गोळ्या सांगा. दारू व झोपेच्या गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. सांध्याचे दुखणे सांगा. आणि कोणी स्लीप स्टडीशिवाय "हे उपकरण लावा, घोरणे बंद" असे म्हणाले, तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा : माझा श्वास तासाला किती वेळा अडतो, हे तुम्हाला कशावरून कळले?