वेदनेवर पहारा, नफ्याला मोकळे रान

अमेरिकेत अफूजन्य वेदनाशामकांनी लाखो बळी घेतले, सबब आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरील निर्बंध आणखी आवळावेत, असा युक्तिवाद अधूनमधून केला जातो. वरकरणी तो लोकहिताचा भासतो. परंतु निर्बंध नेमके कोणावर, हा प्रश्न विचारताच त्यातील पोकळपणा उघडा पडतो.

अमेरिकेचाच इतिहास पाहू. पर्ड्यू फार्माने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन क्वचितच लागते, हे डॉक्टरांच्या गळी उतरविण्यासाठी विक्री-प्रतिनिधींची फौज उभी केली. या फसव्या प्रचाराबद्दल २००७ मध्ये तिच्या संलग्न कंपनीने आणि तीन अधिकाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. सुमारे ६३ कोटी डॉलर भरले गेले. तुरुंगात मात्र कोणी गेले नाही. धंदा चालूच राहिला आणि २०२० मध्ये कंपनीवर पुन्हा गुन्हा कबूल करण्याची पाळी आली.

नियमांचा फास बसला तो रुग्णाच्या गळ्याला. हायड्रोकोडोनच्या मिश्र गोळ्या पूर्वी एकाच चिठ्ठीवर सहा महिन्यांत आणखी पाच वेळा घेता येत. ऑक्टोबर २०१४ पासून दर वेळी नवी चिठ्ठी आवश्यक ठरली. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचना अनेक राज्यांनी व विमा कंपन्यांनी दंडुक्यासारख्या वापरल्या. वर्षानुवर्षे औषधावर असलेल्या रुग्णांची मात्रा एकाएकी तोडण्यात आली. त्यातून असह्य वेदना आणि आत्महत्याही ओढवतात, असा इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाला २०१९ मध्ये द्यावा लागला. २०२२ मध्ये त्या सूचना सौम्य करण्यात आल्या. २०१२ नंतर अशा औषधांच्या चिठ्ठ्या घटत गेल्या, तरी २०२१ मध्ये अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतील बहुसंख्यांचा जीव घेतला तो मुख्यतः चोरट्या बाजारातील फेंटॅनिलने.

आपला अनुभव याहून कडू आहे. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्यांच्या कायद्याने किमान दहा वर्षांच्या शिक्षेची दहशत आणि परवान्यांची उतरंड निर्माण केली. इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातील त्याचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याने सरकारी परवान्यावर पिकविलेली अफू परदेशी औषध कारखान्यांकडे जात होती आणि येथला कर्करोगी खाटेवर तळमळत होता! २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ कमी केले, पण मनातील भीती आणि औषधाची टंचाई सरली नाही.

याच देशातील दुसरे चित्र पाहा. मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या व्यसनकारक गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवीत असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी काढून घेतली. तोवर पहारेकरी कोठे होते? गरीब रुग्णाची चिठ्ठी तपासणाऱ्या यंत्रणेला गोदामे भरून जाणारा माल दिसू नये, हा योगायोग नव्हे.

व्यसनाचा धोका खरा आहे. नियम नकोत असे कोणी म्हणत नाही. परंतु ते नफ्याच्या उगमाशी असावेत. औषधांच्या प्रचाराबाबत मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या संहितेला कायद्याचे बळ दिले गेले नाही. ते दिले पाहिजे. फसव्या प्रचारासाठी संचालकांना व्यक्तिशः जबाबदार धरले पाहिजे. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फीन व ते वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलाच पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे : येथे मॉर्फीन मिळते काय? उत्तर नकारार्थी आले, तर आंदोलनाचा विषय तेथेच हाती येईल.