पंचाहत्तरीची भरती

गेल्या महिन्यात नातवाने एक इंग्रजी कादंबरी माझ्या उशाशी आणून ठेवली. "आजी, यातला हीरो तुझ्याच वयाचा आहे," म्हणाला. पुस्तकाचं नाव 'ओल्ड मॅन्स वॉर', लेखक जॉन स्कॅल्झी. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजी कादंबरी म्हणजे एका हाताला चष्मा आणि दुसऱ्या हाताला शब्दकोश. तीन आठवडे लागले. शेवटचे शंभर पानं मात्र शब्दकोशाशिवाय वाचली, कळलं तेवढं कळलं.

गोष्ट थोडक्यात सांगते. जॉन पेरी पंच्याहत्तर वर्षांचा होतो, त्या दिवशी बायकोच्या थडग्यावर जाऊन येतो आणि सैन्यात भरती होतो. हे सैन्य अवकाशातल्या मानवी वसाहतींचं. ते घेतं फक्त म्हातारे. पासष्टीला इच्छापत्रावर सही करायची, पंचाहत्तरीला निघायचं. पृथ्वीवर परत येणं नाही, कायद्याने तुम्ही मेलात. त्या बदल्यात सैन्य आपल्याला पुन्हा तरुण करतं अशी सगळ्यांची समजूत आहे, पण कसं करतं ते कोणालाच माहीत नाही. (नवं शरीर मिळतं, हिरव्या रंगाचं. सांगून टाकलं, माफ करा.)

पुस्तक २००५ साली आलं, पुढे त्याची मालिका झाली, सातवा भाग २०२५ मध्ये निघाला. इतकी वर्षं वाचक त्यावर वाद घालताहेत. आमच्या घरातही चौघांनी वाचलंय आणि चार मतं आहेत.

पहिला आक्षेप, हे सगळं रॉबर्ट हाइनलाइनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'वरून घेतलंय. असेल. लेखकाने हाइनलाइनचं ऋण पुस्तकातच मान्य केलंय, मग भांडण कशाचं? मला गंमत वाटली ती वेगळीच. 'स्टारशिप ट्रूपर्स' १९५९ चं, आणि आपल्या खांडेकरांची 'ययाति'ही १९५९ चीच. ययातीला तारुण्य पोटच्या मुलाकडे मागावं लागलं, पेरीला ते सरकार देतं. असो.

दुसरा आक्षेप तरुण वाचकांचा. यातले म्हातारे म्हाताऱ्यांसारखे बोलत नाहीत, सगळे एकाच साच्यातले विनोद करतात. साच्याचं खरं आहे. लेखक तेव्हा पस्तिशीचा होता, आणि कोण बोलतंय हे नाव झाकलं तर ओळखता येत नाही. पण "म्हातारी माणसं असं बोलत नाहीत" हे तुम्हाला कसं कळलं, बाळांनो? तुम्ही खोलीत आलात की आम्ही विषय बदलतो. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चौघीजणी काय बोलतो ते ऐकलंत तर सूनबाई मला जपमाळ आणून देणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्या जावयाचा, आणि बऱ्याच वाचकांचाही. पुढे काय होणार हे माहीत नसताना शहाणी माणसं अशी सही करतील का? जावई बँकेत आहेत, त्यांना बारीक अक्षरांतल्या अटी वाचायची सवय. मी त्यांना काही बोलले नाही. पण हे आजारी होते तेव्हा ऑपरेशनच्या आधी रात्री अकरा वाजता माझ्यापुढे कागद आले. चार की पाच. पस्तीस वर्षं मुलांना "उतारा पूर्ण वाचा, मगच उत्तर लिहा" असं सांगणारी बाई मी, एक ओळ वाचली नाही. नर्सने बोट ठेवलं तिथे सही केली. कोणी फसवलं नाही, घाईही केली नाही. मीच वाचलं नाही, कारण वाचून दुसरा पर्याय निघणार नव्हता. पेरी आणि त्याचे सोबती तशीच सही करतात. गुडघे गेलेत, जोडीदार गेलाय, आणि कागदाच्या पलीकडे काहीतरी आहे एवढंच ठाऊक आहे. पुस्तकातला हा भाग मला सगळ्यात खरा वाटला, आणि नेमका तोच लोकांना खोटा वाटतो.

एका ठिकाणी मात्र मी टीकाकारांच्या बाजूची. बेंडर नावाचा एक माजी सिनेटर सैनिक म्हणून आलेला असतो. तो विचारतो, आपण आधी बोलणी का करत नाही? लेखक त्याला बढाईखोर दाखवतो आणि ऐन चढाईत, तो शत्रूशी बोलायला पुढे होतो तेव्हा, मारून टाकतो. वर्गात अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला हशा पिकवून खाली बसवावं, तसं हे झालं. मी स्वतः हे केलेलं आहे. सातवी ब मधला मुलगा, प्रश्न पानिपतावरचा होता. त्याने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही. प्रश्न चांगला होता हे मला घरी गेल्यावर कळलं. लेखकालाही कळलं असावं, कारण पुढे पेरी इंचभर उंचीच्या जीवांचं शहर पायांखाली तुडवतो आणि मग कोसळतो. आपण माणूस उरलोच नाही असं त्याला वाटतं. या पुस्तकाला सरसकट युद्धखोर म्हणणाऱ्यांनी ती पानं पुन्हा वाचावीत. पण बेंडरला न्याय मिळत नाही तो नाहीच.

राहिली जेन. पेरीची बायको कॅथी भरतीआधीच वारली, पण तिनेही सही केलेली होती. म्हणून सैन्याने तिच्या डीएनएपासून एक सैनिक घडवली. चेहरा कॅथीचा, वय सहा वर्षं, पेरीची ओळख शून्य. वाचक म्हणतात योगायोग फार, भावुकपणा फार. माझ्या मुलीचंही हेच मत. योगायोग आहेच. पण जेन एक दिवस पेरीला विचारते, ती कशी होती, मला सांग. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. यांना जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी सगळे यांच्याबद्दल बोलत. आता श्राद्धाला फोटोला हार घालतात, आणि माझ्यासमोर नाव काढायचं टाळतात, मला त्रास होईल म्हणून. हे कसे होते असं मला कोणी विचारत नाही.

दुसरा भाग 'द घोस्ट ब्रिगेड्स' नातवाने आणून दिलाय. त्यात पेरी जवळजवळ नाहीच म्हणे, जेन आहे. कालपासून सुरुवात केलीय. शब्दकोश यावेळी मोठ्या अक्षरांचा घेतलाय.